पिंजऱ्याबाहेरची सही

खंडणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फोनवरचा घोगरा आवाज आणि नोटांनी भरलेली बॅग येते. मी आयुष्यात एकदाच खंडणी भरली आणि तिच्यात यातलं काहीच नव्हतं. ओलीस होते माझे सासरे. त्यांना कुणी पळवून नेलं नव्हतं, ते स्वतःच्या पायांनी आत गेले होते. ज्या बाईनं खंडणी घेतली तिनं ती धड तोंडानं मागितलीही नाही. ती बांधावर बसली, पदरानं वारा घेतला आणि आधी शेळीची चौकशी केली.

माझं माहेर दौंड तालुक्यातलं, खुटबावचं. सासर भीमेच्या अलीकडं शिरूर तालुक्यात, मांडवगण फराट्याच्या पुढं एका लहान गावात. नदी ओलांडली म्हणून फार काही बदलत नाही. ऊस तोच, राजकारण तेच. लग्नात आई म्हणाली होती, ‘जवळच दिलीय, हाक मारलीस तरी ऐकू येईल.’ मी हाक कधी मारली नाही, त्यामुळं ऐकू आली असती की नाही ते कळायचं राहूनच गेलं. मी गावातल्या अंगणवाडीत सेविका आहे आणि गाव मला ‘बाई’ म्हणतं. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

आबांचा स्वतः तपासून पाहिल्याशिवाय कशावर विश्वास बसत नसे. मोटारीच्या पेटीत करंट उतरलाय का, ते उलटा हात लावून बघत. दूध कोमट झालंय का, बोट बुडवून. विळ्याला धार आलीय का, अंगठ्यावर. त्या अंगठ्यावर इतक्या चिरा होत्या की रेशनच्या मशीननं तो दोनदा नाकारला होता. तेव्हा आबांनी मशीनच उलटंपालटं करून तपासलं होतं.

आमच्या रानाच्या पूर्वेच्या बांधावरून बौद्धवस्तीची वाट होती. वस्तीतली माणसं त्या वाटेनं डांबरी सडकेला लागत, पोरं शाळेत आणि माझ्या अंगणवाडीत येत. सात-आठ मिनिटांचं चालणं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत वस्तीनं आबांच्या पॅनलला मतं दिली नाहीत, असं कुणीतरी आबांच्या कानात सांगितलं आणि त्याच आठवड्यात आबांच्या लक्षात आलं, की येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी ठिबकचे पाइप फुटतात. पाइप वाटेपासून चार सऱ्या आत होते. पण ट्रॅक्टर आला, वाट नांगरली गेली, तिथंही ऊस लागला. वस्तीला आता कॅनॉलच्या चारीकडून वळसा घालून यावं लागे. अर्धा तास, आणि दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस.

मी काय केलं, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर आहे, काही नाही. वस्तीतली पोरं उशिरा येऊ लागली, तेव्हा मी हजेरी अर्धा तास उशिरा घ्यायला लागले. याला मी त्या काळी चांगुलपणा समजत होते.

मग बिबट्या आला. आमच्याकडं बिबट्या येणं ही आता बातमी राहिलेली नाही, पाहुणा आल्यासारखं लोक सांगतात. पण हा चारीच्या कडेला दिवसाढवळ्या दिसला आणि दिसला तो मावशींच्या सुनेला. मावशी म्हणजे वस्तीतल्या एक साठीच्या बाई. माझ्या लग्नाच्या आधीपासून आमच्या रानात खुरपायला यायच्या. आमच्या घरी जातपात पाळत नाहीत, असं आबा सभेत सांगत. मावशींचा चहाचा कप मात्र न्हाणीच्या भिंतीवर एका खिळ्याला वेगळा अडकवलेला असे. तो तिथं कुणी लावला ते कुणाला आठवत नव्हतं आणि काढायचंही कुणाला आठवत नव्हतं. वाट नांगरल्यापासून मावशींनी आमच्याकडं येणं सोडलं. भांडल्या नाहीत. शेजारच्या रानात खुरपायला जाऊ लागल्या, एवढंच. कप खिळ्यालाच राहिला.

वनखात्यानं पिंजरा द्यायचं कबूल केलं आणि तो कुणाच्या रानात लावायचा यावरून गावात दोन तट पडले. विकास सोसायटीची निवडणूक पंधरा दिवसांवर होती. पिंजरा ज्याच्या रानात, गावाची काळजी त्यालाच, असा सगळा मामला. आबांनी बाजी मारली. पिंजरा आमच्या रानात आला, बरोबर त्या जुन्या वाटेच्या शेजारी. सडकेला आबांच्या पॅनलचा फ्लेक्स लागलाच होता. त्यावर फेटा बांधलेले आबा, आणि खाली ठळक अक्षरांत ‘पंचक्रोशीचा ढाण्या वाघ’.

पिंजऱ्याला दोन कप्पे असतात. मागच्या लहान कप्प्यात शेळी ठेवायची, पुढचा मोठा कप्पा बिबट्यासाठी मोकळा. मध्ये गज. बिबट्या पुढून आत शिरला आणि खालच्या लोखंडी पाट्यावर त्याचा पाय पडला, की मागं दार धाडकन खाली येतं. शेळीला काही होत नाही, असं वनखात्याच्या गार्डनं आम्हाला समजावून सांगितलं. शेळीला कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

शेळी माझी होती. तिची आई बाळंतपणात गेली तेव्हा मी तिला बाटलीनं दूध पाजून जगवलं होतं. आबांनी ती मला न विचारता नेली. मी संध्याकाळी गोठ्यात गेले तर नुसता खुंटा. मी म्हटलं, ‘आबा, दुसरी कुणाची तरी आणायची की.’

‘गावासाठी आपुन न्हाई करायचं तर कुणी?’ आबा म्हणाले. ‘आन् सोडवायचीच आसंल, तर बदल्यात काय देतीस ते बोल.’

बदल्यात द्यायला माझ्याकडं काही नाही, असं मला तेव्हा वाटत होतं. मी रोज सकाळी अंगणवाडीत जाताजाता लसूणघासाची पेंढी आणि पाण्याची बादली घेऊन पिंजऱ्याकडं जायचे. शेळी मला बघून ओरडायची. मी तिच्याशी बोलायचे नाही, कारण बोलायला तोंड नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी गेले तर बांधावर आबांच्या चपला, टोपी आणि मोबाइल ओळीनं मांडून ठेवलेले. विहिरीत उडी टाकणारा माणूस ठेवतो तसे. तेवढ्यात आवाज आला, ‘हिकडं बघ, हिकडं.’

मागच्या कप्प्यात शेळी होती, पुढच्या कप्प्यात आबा. दोघं एकमेकांकडं पाठ करून बसले होते.

‘आबा, आत कसे गेलात?’

‘पाटा चालतो का बघत हुतो. तीन दिस झालं, बिबट्या का येत न्हाई? म्हणलं चिखलानं धरला आसंल.’

‘मग चालतो?’

आबांनी माझ्याकडं असं बघितलं की पुढचं काही मी विचारलं नाही. बादली खाली ठेवून मी दाराला हात घातला. ते जागचं हललं नाही. नवऱ्याला फोन लावला, पण तो सणसवाडीच्या कंपनीत पहिल्या पाळीला आणि फोन लॉकरमध्ये. मग गार्डला लावला.

‘काय सापडलं?’ गार्ड उत्साहानं म्हणाला.

‘माणूस.’

‘कुणाचा?’

‘आमचाच.’

तो दुसऱ्या गावाच्या पिंजऱ्यावर होता, शिरूरच्या पलीकडं. यायला दोन तास लागतील म्हणाला. मग त्यानं नीट सांगितलं, एकानं पिंजऱ्यावर चढून वरचा खटका ओढून धरायचा आणि दोघांनी खालून दार उचलायचं, तिघं असले की निघतं. ‘आणि बाई, घाबरू नका,’ तो म्हणाला, ‘आतल्या माणसाला बिबट्या काही करू शकत नाही.’ म्हणजे त्या घटकेला आमचे आबा तालुक्यातले सगळ्यात सुरक्षित गृहस्थ होते.

मी म्हटलं, ‘आबा, वरच्या आळीतून दोघांना बोलावून आणते.’

‘भावकीतलं एक माणूस आणलंस तर याद राख,’ आबा आतून म्हणाले. ‘फोटू काढत्याल. फ्लेक्सशेजारी लावत्याल.’

त्यात खोटं काही नव्हतं. समोरच्या पॅनलचे पुढारी आमचेच चुलत भाऊबंद होते आणि त्यांना असा फोटो मिळाला असता तर त्यांनी दुसरा प्रचारच केला नसता. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी तिथंच उभी राहिले. ऊन चढत होतं आणि वरचा पत्रा तापत होता. आबा एकसष्ट वर्षांचे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. मला त्यांचा राग येत होता, भीतीही वाटत होती आणि खोटं कशाला बोलू, आतून थोडं बरंही वाटत होतं. शेळी आणि ते एका मापात बसलेले बघून.

तेवढ्यात चारीकडून मावशी आणि त्यांची सून येताना दिसल्या. हातात खुरपी, डोक्यावर टॉवेल. शेजारच्या रानात निघाल्या होत्या. पिंजऱ्यापाशी येऊन मावशी थांबल्या. आत बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत आत बघितलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग त्या बांधावर बसल्या.

‘शेळी बरी हाय का, बाई?’ त्यांनी मला विचारलं.

‘बरी आहे.’

‘वाळलीय जरा.’

आबा खाकरले. ‘मावशे, आलीस ते बरं झालं. जरा हात लाव दाराला. तिघी झाला, लगीच निघतंय.’

‘लावू की,’ मावशी म्हणाल्या आणि बसूनच राहिल्या. ‘जरा दम खाऊ द्या, आबा. लांबनं आलो. आधीसारखं बांधानं आलो आसतो तर कवाच पोचलो आसतो. तवा तुम्हाला इतका वेळ बसावंच लागलं नसतं.’

खंडणीची मागणी म्हणतात ती एवढीच.

आबांना ती लगेच समजली. ते काही बुद्धीनं कमी नव्हते. त्यांनी आधी मावशींच्या म्हशीला उसाचं वाढं देऊ केलं, मग दिवाळीला दोघींना लुगडी, मग सुनेला सोसायटीत चिकटवून देण्याचा शब्द. मावशी प्रत्येकाला ‘नगं’ म्हणाल्या, अगदी हळू, पंगतीत वाढप्याला म्हणतात तसं. शेवटी आबांनी कपाळावरचा घाम पुसला आणि स्वतःशीच पुटपुटले, ‘अडला हरी...’

‘फुडलं म्हणा की, आबा,’ मावशी म्हणाल्या.

पुढचं आबा म्हणाले नाहीत. त्यांनी पाणी मागितलं. माझ्या बादलीतलं शेळी पिऊन गेली होती. मावशींनी पिशवीतून आपली बाटली काढली आणि गजांतून आत दिली. आबा क्षणभर थांबले, मग तोंड लावून घटाघटा प्यायले. बाटली परत आली तेव्हा मावशींनी पदरानं तिचं तोंड स्वच्छ पुसलं आणि मगच ती पिशवीत ठेवली. मी हे बघितलं. आबांनीही बघितलं.

‘बरं, दिली वाट,’ आबा म्हणाले. ‘आता उघडा.’

‘तुम्ही न्हाई, आबा,’ मावशी म्हणाल्या. ‘तुम्ही मागं बी दिलीच हुती. तुम्हीच दिली, तुम्हीच नांगरली. बाईंनी द्यावी.’

मला वाटलं, मावशी मला चिडवतायत. पण त्यांच्या सुनेनं मोबाइल पुढं केला. बारावी शिकलेली, कमी बोलणारी मुलगी. मोबाइलवर सातबारा होता. आमच्या या रानाचा गट, आणि मालकाच्या जागी माझं नाव. तेव्हा मला आठवलं. बाईच्या नावावर रान असलं की ठिबकचं अनुदान लवकर सुटतं, असं कुणीतरी आबांना सांगितलं होतं आणि दोन वर्षांपूर्वी शिरूरला नेऊन त्यांनी माझ्या कसल्याकसल्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या. जिथं फुली होती तिथं मी सही केली होती. ‘वस्तीनं वाटेसाठी तहसीलला अर्ज केलाय,’ सून म्हणाली. ‘नोटीस तुमच्या नावानं आलीय, बाई. मिळाली न्हाई का?’

मी आबांकडं बघितलं. आबा शेळीकडं बघायला लागले.

नोटीस टीव्हीखालच्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात होती, हे मला नंतर सापडलं. पण मी एका रानाची मालक आहे, माझ्या रानातून माणसांची वाट बंद झालीय आणि सरकारदरबारी ती मी बंद केलीय, हे मला त्या सकाळी पिंजऱ्यासमोर कळलं. मला लाज वाटली. आणि त्या लाजेच्या मागोमाग, बदल्यात द्यायला माझ्याकडं काहीतरी आहे, हेही ध्यानात आलं.

पिशवीत पोषण आहाराचं रजिस्टर होतं. त्याचं मागचं कोरं पान फाडलं. सून सांगत गेली, मी लिहीत गेले. पूर्वेच्या बांधाने कायमची वाट देत आहे, इथपर्यंत सुरळीत झालं. मग रुंदीवरून अडलं. मी बैलगाडीपुरती लिहिणार, तर आबा आतून म्हणाले, ‘पायवाट लिही, पायवाट.’

‘ॲम्ब्युलन्स यील येवढी लिहा,’ सून म्हणाली.

‘ॲम्ब्युलन्स कशाला? कोण आजारी हाय?’

‘आज कोण न्हाई, आबा,’ मावशी म्हणाल्या. ‘पर पिंजऱ्यात तरी आज कोण जाणार हुतं?’

मी ॲम्ब्युलन्स लिहिलं. सही केली. ती माझ्या आयुष्यातली पहिली सही, जिच्या आधी कुणी फुली मारून ठेवली नव्हती. साक्षीदार म्हणून एक सही सुनेनं केली. दुसरा साक्षीदार लागणार होता आणि तिथं सही येणारं दुसरं एकच माणूस होतं. मी कागद रजिस्टरवर ठेवून गजांतून आत दिला, वर पेन दिलं. आबांनी तो दोनदा वाचला. सवयीनं त्यांनी पेनाचं टोक अंगठ्यावर टेकवून बघितलं आणि मग चेअरमनसारखी लफ्फेदार सही केली.

‘आन् शेळी बी जाणार घरी,’ मी म्हणाले. हे मी आधी ठरवलेलं नव्हतं.

‘ने बाई, ने,’ आबा म्हणाले.

सून वर चढली आणि खटका ओढून धरला. मावशी आणि मी खालून दार उचललं. दार माझ्या अंदाजापेक्षा हलकं होतं. आबा रांगत बाहेर आले, टोपी घातली, चपला घातल्या, मोबाइलवर किती वाजले ते बघितलं. मग मावशींना म्हणाले, ‘ह्यातलं एक अक्षर भाईर जाता कामा न्हाई.’

‘कशातलं, आबा?’ मावशी म्हणाल्या. ‘आज आम्ही तुम्हाला बघितलंच न्हाई.’

मागचं दार उघडून मी शेळी सोडवली. दुपारी गार्ड आला, त्यानं स्वतःच्या दोन कोंबड्या आणून आत ठेवल्या. पाटाही बघितला. उत्तम चालत होता. तो पिंजरा पुढं दुसऱ्या गावाला गेला आणि तिथं पहिल्याच आठवड्यात त्यात बिबट्या सापडला. आमच्या गावात त्यात एकूण दोघेच सापडले, माझी शेळी आणि माझे सासरे.

आबा सोसायटीचे चेअरमन झाले. ढाण्या वाघाची मिरवणूक निघाली, गुलाल उधळला. आणि चेअरमन झाल्यावर त्यांना त्या कागदातल्या चुका दिसायला लागल्या. रजिस्टर केलेला नाही. स्टँपपेपर नाही. मागच्या बाजूला खिचडीचं माप लिहिलंय. वस्तीनं तो कागद अर्जाला जोडला होता आणि तहसीलचे सर्कल साहेब चौकशीला चावडीत येणार होते. आबांनी घरच्यांच्या वतीनं लेखी दिलं, की सुनेला रानात एकटी गाठून दबावाखाली सही घेतली. नवऱ्याला पिंजऱ्याचं माहीत नव्हतं. त्याला ते खरंच वाटलं आणि तो संतापला. भावकीतले एक म्हणाले, ‘सरळ खंडणीची केस ठोका.’ या प्रकरणात तो शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला.

चावडीत जायला निघताना आबांनी मला पढवलं. ‘सर्कल विचारंल, सही कशी केली. दबावाखाली म्हणायचं. बास, येवढंच. बाकीचं आम्ही बघतो.’

चावडी भरलेली होती. एका बाजूला आमची भावकी, दाराशी वस्तीतली माणसं, त्यांच्यात मावशी. सर्कल साहेबांनी कागद वर धरला. सही तुमचीच का, म्हणाले. मी हो म्हटलं.

‘घरच्यांचं म्हणणं आहे, दबाव होता. कसला दबाव होता, बाई?’

गंमत अशी, की दबाव खरंच होता. फक्त तो माझ्यावर नव्हता. खरं बोलावं तर आबांची अब्रू जाणार होती. शिकवलेलं बोलावं तर वाट जाणार होती आणि त्या दोघी खंडणीखोर ठरणार होत्या. मी गप्प उभी राहिले. मला धाडस आलं होतं असं नाही. तोंडातून शब्दच फुटेना.

साहेब आबांकडं वळले. ‘चेअरमन, साक्षीदार म्हणून तुमची सही दिसतेय. तुमच्यासमोर सुनेला धमकावलं आणि तुम्ही साक्षीदार झालात? होता कुठं तुम्ही तेव्हा?’

‘जवळच हुतो.’

‘जवळ म्हणजे? मग मध्ये का नाही पडलात?’

आबांनी माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं. मावशी पंख्याकडं बघत होत्या, पहिल्यांदाच पंखा बघितल्यासारख्या. तेव्हा मला कळलं की ते दार अजून आमच्याच हातात होतं. आम्ही तिघींनी ते वर धरलं होतं म्हणून आबा बाहेर उभे होते.

‘न्हाई, तसा दबाव काय न्हाई,’ आबा म्हणाले. ‘घरच्यांचा जरा गैरसमज झाला. वाट आम्ही राजीखुशीनंच दिलीय.’

‘बाई, बरोबर?’

‘राजीखुशीनं,’ मी म्हणाले.

वाट झाली. सातबाऱ्यावर इतर हक्कात तिची नोंद झाली. पंचायतीनं मुरूम टाकला. वाटेच्या तोंडाला एक फलक लागला, त्यावर जागा देणारे दानशूर म्हणून आबांचं नाव आणि फेट्यातला तोच फोटो. वस्तीनं आबांचा सत्कार ठेवला. शाल मावशींच्या हस्ते. आबांनी भाषण केलं, की माणसानं माणसाची वाट अडवू नये. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मावशींनी सगळ्यात जास्त वेळ वाजवल्या. मी पोरांना पुढं बसवून मागं उभी होते. हसू दाबताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि आबांना वाटलं, मी भारावले.

खंडणी मी भरली, असं मी पुष्कळ दिवस मनात मिरवत होते. घरात नवरा महिनाभर धड बोलला नाही, भावकीतल्या बायकांनी हळदीकुंकवाला बोलावणं टाळलं. ही किंमत मला मोठी वाटत होती. मग एकदा वाटेवर मावशी भेटल्या. मी विचारलं, ‘मावशी, पिंजऱ्याचं वस्तीत खरंच कुणाला सांगितलं नाहीत?’

‘न्हाई.’

‘घरातसुद्धा?’

‘माझ्या मालकाला बी न्हाई. सुनंला बी शपथ घातलीय.’

‘का पण? वाटेची तर आता नोंद झालीय.’

मावशी थांबल्या. ‘नोंद कागदावर हाय, बाई. आबा जित्तं हायेत. माणसाला हसलं की ते माणूस आपलं वाईट केल्याबिगर ऱ्हात न्हाई. आज वाट न्हाई नांगरायचे, उद्या कायतरी दुसरं करत्याल. हसू येतं की. खुरपताना येतं, भाकरी थापताना येतं. फलकाम्होरनं जाताना तर लई येतं. पर गिळायचं.’

त्या पुढं गेल्या आणि मी तिथंच उभी राहिले. सही करून मी मोकळी झाले होते. त्या दोघी रोज भरत होत्या.

त्यानंतर आबा पाच वर्षं जगले. शेवटच्या आजारपणात ॲम्ब्युलन्स आली ती त्याच वाटेनं आली, कारण सडकेकडून आमच्या घरी यायला तीच जवळची होती. आबा स्ट्रेचरवरून फलकाकडं बघत गेले. मला ते गेल्याचं खरंच दुःख झालं. पंधरा वर्षं मी त्या माणसाला चहा करून दिला होता, आणि कोमट आहे का ते बघायला रोज त्यांनी त्यात बोट बुडवलं होतं.

सावडण्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी भेटायला आल्या. ओसरीवर पुरुषमंडळी होती. मावशी सवयीनं पायरीपाशी टेकायला लागल्या, मी त्यांचा हात धरून त्यांना स्वयंपाकघरात नेलं. आम्ही दोघी जमिनीवर बसलो. मावशींनी डोळे पुसले, मनापासून पुसले. माणूस बरं होतं म्हणाल्या, हट्टी होतं पण बरं होतं. मी चहा ठेवला, घरातल्या कपांत ओतला. कप हातात घेऊन मावशींनी दाराकडं बघितलं, बाहेरच्या आवाजांचा अंदाज घेतला आणि माझ्या कानाशी वाकल्या.

‘बाई,’ त्या म्हणाल्या, ‘आता हसू का?’

मी मान हलवली. मावशींनी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला आणि सहा वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. त्यांचे खांदे गदागदा हलायला लागले, कपातला चहा सांडला. मग माझेही हलायला लागले. ओसरीवरून माझ्या नवऱ्यानं आत डोकावलं, आम्हाला तसं बघितलं आणि बाहेर जाऊन भावकीला सांगितलं, ‘रडू द्या त्यांना, लई जीव होता आबांवर.’